चार दहाचं गेट

फोन आला तेव्हा फिटरताई एका गोदामाच्या फाटकापाशी गुडघ्यावर बसून मोटरचे बोल्ट आवळत होती. हात ग्रीसने माखलेले. तिने फोन खांदा आणि कान यांच्यात कसाबसा धरला.

"वळणावरच्या घराचं सरकतं गेट तुम्ही बसवलंत का?" पलीकडचा आवाज सर्दीने बसलेला होता.

"हो. आठ महिने झाले. कोण बोलतंय?"

"पोलीस. ताबडतोब या. गेटात सापडून माणूस गेलाय."

हातातला पाना खाली पडला. तो उचलायचंही तिला सुचलं नाही.

ती पोचली तेव्हा साडेपाच वाजत आले होते. गेलेल्या माणसाला घेऊन अँब्युलन्स केव्हाच गेली होती. गेट अर्धं उघडं होतं आणि आपण काही केलंच नाही अशा थाटात उन्हात चमकत होतं. काळं, लोखंडी, माणसाच्या छातीइतकं उंच. बंद होताना ते डावीकडून उजवीकडे सरकत यायचं आणि उजव्या खांबाला टेकायचं. त्या उजव्या खांबाजवळ कुणीतरी खडूने रेघ ओढली होती.

गेलेल्या माणसाला सगळे टिकटिककाका म्हणत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे नावच पडलं. बायको दोन वर्षांपूर्वी याच गल्लीत, याच वळणावर एका गाडीखाली गेली. गाडी थांबली नाही, सापडलीही नाही. त्यानंतर काकांचे हात थरथरायला लागले, जड फाटक ओढवेना, म्हणून धाकट्या बहिणीने, म्हणजे आत्याने, आग्रह करून हे मोटरचं गेट बसवून घेतलं होतं. बसवायला ताई आली तेव्हा काकांनी तिच्याजवळ स्टूल टाकून दोन दिवस तिचं काम पाहिलं होतं. घड्याळजीला दुसऱ्याचे हात पाहायला आवडतात, असं ते म्हणाले होते.

इन्स्पेक्टर रुमालात शिंकला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"गेटात माणूस उभा असला तर ते थांबायला हवं ना?"

"हवं. दोन खांबांवर दोन सेन्सर आहेत, गुडघ्याच्या उंचीवर. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो पकडतो. मध्ये काही आलं, किरण तुटला, की गेट उलटं फिरतं."

"आणि सेन्सर बिघडला तर?"

"तरी मोटरचा जोर मी बांधून ठेवलेला असतो. कशाला अडलं की ते मागे येतं. पोराचा हातसुद्धा चेंगरणार नाही इतका कमी जोर ठेवते मी."

"वीज गेली तर?"

"मोटरच्या पेटीला किल्ली आहे. ती फिरवून मोटर गेटापासून सोडवायची. मग हाताने ढकलता येतं."

किल्ली घरात, पुढच्या खोलीतल्या खुंटीवर होती. इन्स्पेक्टरने वीज चालू करायला लावली. ताईने एक रिकामं खोकं गेटच्या वाटेत ठेवलं आणि आत्याच्या रिमोटवरचं बटण दाबलं. गेट गुरगुरत जेमतेम निघालं, लगेच थांबलं आणि मागे गेलं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"म्हणजे कधी चालतं, कधी चालत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "कुठेतरी वायर ढिली असणार. ताई, मी सरळ सांगतो, हे तुमच्या अंगाशी येणार आहे. गाव सोडून कुठे जाऊ नका."

तिला तेव्हा आपल्या बचावाचं काही सुचत नव्हतं. स्टुलावर बसून आपल्या हातांकडे कौतुकाने पाहणारा म्हातारा तेवढा डोळ्यांपुढे येत होता.

निघताना आत्या दारात भेटली. साठीची, बारीक चणीची बाई. डोळे कोरडे होते. तिने ताईला आत ओढून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. गेले तीन आठवडे गेट दुपारी आपोआप उघडत होतं. बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी. रस्त्यावर कुणी नसायचं. मिनिटभर उघडं राहायचं आणि मिटायचं. वहिनीला गाडीने उडवलं तेव्हा तिच्या मनगटावरचं घड्याळ चार दहाला थांबलं होतं. दादाने आयुष्यभर लोकांची घड्याळं चालू केली, तेवढं एक मात्र केलं नाही.

"दादा म्हणायचा, ती आली. चार वाजले की खिडकीशी बसायचा. गेट उघडलं की उठून जायचा आणि त्या उजव्या खांबाला टेकून वळणाकडे बघत राहायचा. तिथूनच वळण दिसतं. कानाने कमी ऐकायचा, त्यामुळे पाठीमागे काय चाललंय ते त्याला कळायचं नाही. तू मला वेडी म्हणशील, पण मीसुद्धा दोनदा पाहिलं. समोर काळं कुत्रं नाही आणि गेट उघडतंय, जसं काही कुणासाठी अदबीने बाजूला होतंय. आज मी वाचनालयात गेले होते. वहिनी त्याला घेऊन गेली का गं?"

घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. पलीकडच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली तरी तिला त्या गेटच्या मोटरचा आवाज ऐकू यायचा. पंधरा वर्षांत तिने शे-दीडशे गेटं बसवली होती. त्या प्रत्येकापुढे आता तिला एक म्हातारा उभा दिसत होता.

तरी एक गोष्ट राहून राहून डोक्यात येत होती. भुताला गेट उघडायला मोटर कशाला लागेल?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी ती इन्स्पेक्टरची परवानगी घेऊन परत गेली. एक शिपाई सोबत दिला होता. तिने मोटरची पेटी उघडली. आतल्या बोर्डाच्या मेमरीत प्रत्येक रिमोटची नोंद असते. तिने बसवताना दोन रिमोट जोडले होते, एक काकांचा आणि एक आत्याचा. झाकणाच्या आतल्या कार्डावर तिच्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं.

बोर्ड तीन दाखवत होता.

तिने मेमरी पुन्हा तपासली. तीनच. तिसरा रिमोट जोडायचा तर ही पेटी उघडून आतलं बटण दाबावं लागतं. म्हणजे खुंटीवरची किल्ली कुणीतरी घेतली होती.

मग तिने सेन्सरच्या वायरी पाहिल्या. काम संपलं की वायरींच्या स्क्रूवर आणि जोर बांधायच्या चकतीवर लाल नेलपॉलिशचा थेंब लावायचा, ही तिची जुनी सवय. कुणी हात लावला तर थेंब फुटतो. थेंब जागच्या जागी होते. म्हणजे कुणी हात लावला नव्हता, चूक तिचीच होती. पण उजेड टाकून पाहिलं तर रंग जरा वेगळा वाटला. लाल कमी, गुलाबी जास्त. तिने नख लावलं. नेलपॉलिशचा पापुद्रा निघतो. हे खड्यासारखं कडक होतं. नखच मोडलं.

तिने तो थेंब तसाच राहू दिला, फोटो काढला आणि आत जाऊन विचारलं की घरात कोण कोण येतं-जातं.

फार कुणी नाही, आत्या म्हणाली. वरच्या मजल्यावर पुतण्या राहतो. आणि समोरचे दातांचे डॉक्टर. ते रोज सकाळी दादाशी बुद्धिबळाचा एक डाव टाकायला येत. दादा अंघोळीला गेला तरी पटाशी बसून राहत, घरच्यासारखे. काल धावून आले ते तेच.

पुतण्या संध्याकाळी सातला कामावरून आला, तोवर इन्स्पेक्टरही येऊन बसला होता. त्याचा चेहरा ओढलेला होता. घर विकण्यावरून काकाशी आपले खटके उडत होते, हे त्याने विचारायच्या आत सांगून टाकलं.

"तुमच्याकडे रिमोट आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"नाही. माझी स्कूटर बाहेरच लावतो. बाजूच्या लहान दाराने आत येतो."

"काल चारला कुठे होतात?"

"कारखान्यात. चाळीस जण सांगतील." मग तो ताईकडे वळला. "काका कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता. त्या गेटापुढे उभा राहू नको म्हणून मी किती सांगितलं. म्हणाला, तुझी काकू दारातून परत जायला नको."

एवढं बोलून तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.

डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात बसवून शांतपणे सगळं सांगितलं. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस, बोटं लांबसडक. दोन खुर्च्यांमधला पडदा जरा वाकडा होता, तो त्यांनी बोलता बोलता सरळ केला. खिडकीतून समोरचं गेट पूर्ण दिसत होतं.

"मी या खिडकीतच उभा होतो. पेशंट नव्हता. गेट उघडलं, काका बाहेर आले, नेहमीसारखे खांबाला टेकले. आणि गेट मिटायला लागलं. मी ओरडलो, पण त्यांना ऐकू येत नाही. धावत रस्ता ओलांडला. दोन्ही हातांनी गेट मागे ढकललं आणि त्यांना ओढून काढलं. उशीर झाला होता." त्यांचा आवाज भरून आला. "ताई, तुम्हाला दोष देत नाही मी. यंत्र आहे, चुकतं."

त्यांच्या त्या समजूतदारपणाने ताईला जास्तच अपराधी वाटलं. बाहेर पडताना तिने इन्स्पेक्टरला विचारलं की डॉक्टरांना कुणी पाहिलं का. पाहिलं होतं. एक टपालवाली त्याच वेळी वळणावरून आत आली होती. ती आली तेव्हा गेट अर्धं उघडं होतं आणि डॉक्टर काकांना बाहेर ओढत होते. पुढे अँब्युलन्स येईपर्यंत तेच थांबले, आत जाऊन मेन स्विचही त्यांनीच बंद केला. काकांचा रिमोट आतल्या टेबलावर पडलेला मिळाला होता. आत्याचा तिच्या पिशवीत, वाचनालयात.

गुरुवारी ताईला डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारायची होती. पण दाराला कुलूप होतं आणि पाटी लटकत होती, 'गुरुवारी दवाखाना बंद'. ती परतली आणि आत्याजवळ बसली. आत्याने काकांची एक वही आणून दिली. घड्याळजीची वही, एकेक नोंद आखीव. तीन आठवड्यांच्या तारखा, पुढे वेळा. ४.१०. ४.१०. ४.११. ४.१०. तीन ठिकाणी फक्त आडवी रेघ होती आणि लिहिलं होतं, 'आज आली नाही.'

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्या तीन तारखा ताडून पाहिल्या. मग उरलेली पानं उलटली. शेवटच्या पानावर काचेच्या तुकड्यांचं चित्र होतं, प्रत्येकाच्या कडा मोजून काढलेल्या.

"हे काय?"

आत्याने खोलीतला एक ट्रे दाखवला. वहिनी गेली त्या दिवशी दादाने रस्त्यावरून काचांचा कण न् कण वेचून आणला होता. गाडीचा बाजूचा आरसा फुटला होता त्याच्या त्या काचा. दोन वर्षं तो त्या जुळवत बसला. आता आरसा जवळजवळ पुरा झाला होता आणि एका तुकड्यावर बारीक अक्षरं सापडली होती. बुधवारी एका गॅरेजवाल्याला तो दाखवायचा होता. आरसा कोणत्या गाडीचा, ते गॅरेजवाला सांगणार होता. मंगळवारी दादा गेला.

ट्रेमध्ये, उजव्या कडेला, एका तुकड्याची जागा रिकामी होती. चित्रात तिथे अक्षरं काढलेली होती.

"गॅरेजचं कुणाला माहीत होतं?"

"मला. आणि डावाच्या वेळी बोलला असेल तर..." आत्याचं वाक्य अर्धवट राहिलं. ती ट्रेकडे बघत राहिली, आणि तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

शुक्रवारी चारला इन्स्पेक्टरने सगळ्यांना अंगणात बोलावलं. आत्या पायरीवर बसली. पुतण्या रजा टाकून आला होता. डॉक्टर पांढऱ्या कोटातच रस्ता ओलांडून आले. गेट बंद होतं. ऊन तिरपं झालं होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चार दहा झाले तेव्हा सगळ्यांची नजर आपसूक गेटाकडे गेली. ते हललं नाही. आत्याने डोळे मिटून घेतले.

भाषण करायची तिला सवय नव्हती. तिने रिमोट दाबून गेट अर्धं उघडलं आणि पुन्हा दाबून थांबवलं.

"डॉक्टर, मंगळवारी तुम्ही ढकललंत तसं एकदा ढकलून दाखवाल?"

"आत्ता?"

"हो. तुम्हाला जमलं होतं, म्हणून तुम्हालाच सांगते."

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी दोन्ही तळवे लोखंडावर टेकवले आणि जोर लावला. गेट हललं नाही. त्यांनी पाय रोवले, खांदा लावला. मानेवरच्या शिरा दिसायला लागल्या. मग ते थांबले, पण हात काढले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले.

"नाही हलणार," ताई म्हणाली. "या मोटरचे दातेच असे असतात. बंद असो की चालू, किल्लीने सोडवल्याशिवाय ती गेटाला धरून ठेवते. चार पैलवान आणले तरी. किल्ली त्या वेळी आत खुंटीवर होती. काकांचा रिमोट टेबलावर, आत्याचा वाचनालयात. मग टपालवालीला गेट उघडं कसं दिसलं? ते उघडलं तिसऱ्या रिमोटने. तो तुमच्या खिशात होता."

पुतण्या उठून उभा राहिला. इन्स्पेक्टरने हाताने त्याला थोपवलं.

"काका अंघोळीला गेले की तुम्ही एकटे असायचात. किल्ली घेतलीत, पेटी उघडलीत, नवा रिमोट जोडलात. तीन आठवडे रोज चार दहाला खिडकीतून बटण दाबलंत. माणूस कधी उठतो, कुठे उभा राहतो, किती वेळ राहतो, सगळं पाहून घेतलंत. फक्त गुरुवारी दवाखाना बंद, तुम्ही इथे नसायचात. वहीतल्या तिन्ही रेघा गुरुवारच्याच आहेत. दोन वर्षांपूर्वी गेलेली बाई सुट्टी कशाला घेईल?

"मंगळवारी सकाळी सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडल्यात, म्हणजे किरण तुटला तरी बोर्डाला कळू नये. जोराची चकती शेवटपर्यंत फिरवलीत. दुपारी सगळं झाल्यावर टपालवाली आली नसती तर तुम्ही रस्ता ओलांडलाही नसतात. ती दिसली म्हणून गेट उघडून त्यांना ओढायला लागलात. अँब्युलन्स गेली आणि पोलीस आले त्या मधल्या वेळात मेन स्विच बंद करायचं निमित्त करून तुम्ही आत गेलात, ट्रेमधला तुकडा उचललात आणि पेटीतलं सगळं पूर्ववत केलंत. तिथेच थांबला असतात तर मी आज तुरुंगात असते. पण माझे लाल थेंब फुटलेले दिसले आणि तुम्हाला ते तसं टाकून जाववलं नाही. समोर जाऊन जे हाताशी होतं त्याने नवे थेंब केलेत. कवळीच्या हिरड्या करायची गुलाबी पूड आणि द्रव. पाच मिनिटांत दगड होते. काल मी दुसऱ्या एका दंतवैद्याला फोटो दाखवला, त्याने पाहताक्षणी सांगितलं."

"आणि कशासाठी?" पुतण्याचा आवाज फुटत होता.

"आरशासाठी," इन्स्पेक्टर म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी, काकू गेल्यावर आठवड्याने, डॉक्टरांनी आपली गाडी दुसऱ्या गावी विकली. नोंदी मिळाल्या. हे इथे आल्यापासून यांच्या दवाखान्याची झडती चालू आहे." तो फाटकाबाहेर पाहत होता. शिपाई रस्ता ओलांडून येत होता. त्याच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत एक छोटा रिमोट आणि नखाएवढा काचेचा तुकडा होता. दातांचे साचे करायच्या प्लास्टरच्या डब्यात ते पुरलेले होते.

डॉक्टर गेटाला हात टेकून उभेच होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त आत्याकडे वळून म्हणाले, "वळणावर मला त्या दिसल्याच नाहीत. खरंच दिसल्या नाहीत." आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

त्यांना नेल्यावर तासाभराने इन्स्पेक्टर परत आला. त्याने ताईला बाजूला घेतलं. ठाण्यात जबाब देताना डॉक्टर एकाच गोष्टीवर अडकले होते, तो म्हणाला. पहिल्यांदा बटण दाबलं ते नुसतं चालतं का पाहायला. तेव्हा काका बाहेर आले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून इतके हसले की डॉक्टरांनी रिमोट फेकून द्यायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी डावावर काकांनी काचेवरची अक्षरं दाखवली.

"आणि शेवटी?" ताईने विचारलं.

इन्स्पेक्टर जरा घुटमळला. "डॉक्टर पोचले आणि गेट मागे सरकायला लागलं तेव्हा काका शुद्धीवर होते. अडकलेलेच होते अजून. डॉक्टर लोखंडात हात घालतायत हे पाहून म्हणाले, डॉक्टर, बोटं सांभाळा, तुमचं हातावर पोट आहे. तेवढंच बोलले. ते वाक्य डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतायत. थांबवलं तरी सांगतायत."

हे आत्याला सांगावं की नाही, इन्स्पेक्टरला कळत नव्हतं. म्हणून त्याने ते ताईवर सोडलं आणि तो निघून गेला.

ताई पायरीवर आत्याच्या शेजारी जाऊन बसली. मग ताईने सांगितलं, एक शब्दही न गाळता. आत्याने ऐकून घेतलं. तिचे इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे आता भरून आले.

"तसाच होता तो," ती म्हणाली.

मग ती उठून आत गेली. थोड्या वेळाने आतल्या खोलीत काकांचं घड्याळांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग, एकेक करून, चाव्या द्यायचा.